भार: एक म्हैस किंवा सात पोरं

हिंदुराव शेडगे सॅपर्समधून पेन्शनीवर आला
तेव्हा तारळीला मिळणारा आमचा ओढा
फरशीवरून वाहत होता
आणि शाळा बुडाली म्हणून आम्ही खुशीत होतो.

तो काठाकाठानं पावलं टाकत गेला.
पाण्यात पाय न घालता पात्र मोजायची विद्या
त्याला लष्करानं दिली होती.

उसाच्या मोडक्या ट्रॉल्यांच्या चेसी,
टेलिफोनवाल्यांनी टाकून दिलेले दोन खांब,
उंब्रजच्या भंगारातले एकशे बारा बोल्ट.
गावातली चौदा माणसं त्यानं रांगेत उभी केली
आणि ती राहिली, हेच नवल.

नवव्या दिवशी साकव.
तोंडाशी गोल पिवळी पाटी.
फौजेत तिच्यावर रणगाड्याचा आकडा असतो;
त्यानं ब्रशनं लिहिलं:
भार – एक म्हैस किंवा सात पोरं.

आम्ही आठ होतो.
रोज एकाला मागं थांबावं लागे.
माझी पाळी आली की मी त्याच्याशेजारी दगडावर बसे.

“गडाच्या पायऱ्या शिबंदीनं कातल्या,” तो सांगे,
“घाट पलटणीनं फोडला, तोफेच्या चाकाएवढा.
म्हणून तर त्या वळणावर
अजून दोन टेम्पो अडकतात.
वाटेला काय, तोफ गेली काय, वऱ्हाड गेलं काय.”

“तुम्ही किती पूल बांधले?”

“रात्रीत बांधलेले एकवीस.
उलट्या क्रमानं सोडून गाडीत भरलेले एकवीस.”
मग बराच वेळ बिडी.
“आणि उडवलेला एक. तो माझा नव्हता.
दगडी, कमानीचा.
सुरुंगाला जागा बघताना सांध्यावरून हात फिरवला.
गवंडी चांगला होता.”

दोन पावसाळ्यांनी स्लॅबचा पूल आला,
नारळ, मांडव, नावांची फरशी.
हिंदुराव पाना घेऊन आला,
शेवटी लावलेलं आधी सोडत गेला.
बोल्ट मोजले. एकशे अकरा.
दोन दिवस गुडघाभर पाण्यात
तो वाळू चाळत राहिला.

मी सांगितलं नाही.

तो माझ्या खिडकीशी आहे,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून
पहिल्याच पावसाळ्यात काढून आणलेला.
त्यानंतरही सात पोरं जात होती, म्हैस जात होती,
साकव करकरला नाही.
हिंदुरावनं भार मोजताना
चोरही धरला होता.