तीन रेघा

एक लांब, खाली एक आखूड, खाली त्याहून आखूड,
सर्किटमध्ये जमीन अशी काढतात.
कुठेही काढा, फुकट असते.
मी मोजल्या: एक्केचाळीस जमिनी,
सगळ्यांचं नाव एकच,
म्हणून सॉफ्टवेअर म्हणालं, जोडलेल्याच आहेत.
त्रुटी: शून्य.

भोसरीत, खालच्या प्रेसच्या दणक्यानं
कपातला चहा थरथरतो त्या ऑफिसात
बोर्ड बनून आला, तर
अ‍ॅम्प्लिफायर स्वतःशीच बडबडत होता.
इनपुट काढलं तरी एक उंच सुळका,
कुणी न बोलावता आलेला.

चिंचोरे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बोर्ड ट्यूबलाइटखाली धरला.
"अहो, नाव एक म्हणून घर एक होतं का?
हा पाय बघा. जमीन त्याच्या खालीच, पाऊण मिलिमीटरवर,
आणि तुम्ही त्याला पाठवलंत
कोपऱ्यातल्या एकुलत्या भोकाकडे.
पाच गिगाहर्ट्झला हे म्हणजे
स्वारगेटहून डेक्कनला हडपसरमार्गे."

बाकीचे हसले.
मला भोरच्या घरामागचा अर्थिंगचा खड्डा दिसत होता.
मे महिन्यात त्यात रोज एक बादली पाणी
हे माझं काम.
मीठ-कोळशाची ती माती घटाघटा प्यायची.
सगळीकडे जमीनच तर आहे, मग पाणी कशाला?
अण्णा वायरमन. पकडीनं नट आवळत म्हणायचे,
"आहे गं. पण लागली पाहिजे."

त्या रात्री एकेक चिन्ह पुसलं.
प्रत्येकाच्या जागी एक खरं भोक ठेवलं,
त्याला व्यास दिला, खोली दिली,
आतून तांब्याचं पातळ अस्तर,
आणि आलेख पुन्हा काढायला लावला.
सव्वाअकराला पडद्यावर
तोच सुळका, त्याच जागी.

चूक दिसली म्हणून इतकं बरं
मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग पायाला अगदी खेटून चार भोकं,
मग आणखी दोन. सुळका बसत गेला,
पूर्ण नाही.
उरलेल्यासाठी सकाळी तपकीर गल्लीत जायचं,
तांब्याची पट्टी आणायची.

घरी निघताना अण्णांना फोन लावला.
झोपले नव्हते.
खड्ड्याला पाणी कोण घालतं आता?
म्हणाले, "कोण घालणार?
आरओचं वाया जाणारं पाणी
नळीनं सोडलंय तिकडे.
तू जेवलीस का?"