फेरारा, दोन रात्री

किल्ला बघायला आलो होतो.
स्टेशनबाहेर नुसतं धुकं.
त्यातून आधी घंटी आली, मग सायकल,
मग सायकलवरच्या आजीबाई, कोबीच्या गड्ड्यासकट.

"जानेवारीत कोण येतं इथं?"
किल्ली देताना तुल्लिओनं विचारलं.
"भाडं निम्मं असतं ना," ओर्नेला म्हणाली,
आणि तो एवढा हसला
की हीटरचे जादा पैसे मागायचं विसरला.

रात्री भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता.
माझ्या ताटातले दोन तिनं उचलले,
शाळेत डब्यातलं उचलायची तसेच, न विचारता.

मग खंदकाच्या कडेनं चालत राहिलो
(पाणी वासावरून कळायचं).
ती म्हणाली, "गाठ आहे. सोमवारी रिपोर्ट."
मी वळून बघितलं.
लोकरी टोपी होती, टोपीखाली धुकं.
चेहरा दिसत असता
तर बोलली नसती ती,
आणि मला काहीतरी सुचलं असतं,
बहुतेक चुकीचं.
मी म्हणाले, "हात गार पडलाय तुझा."
एक हातमोजा कुठंतरी पडला होता.

निघायच्या सकाळी लख्ख ऊन.
किल्ला होता तिथंच,
विटांचा, चार बुरुजांचा, सगळा.
त्याच्याकडे पाठ करून आम्ही
कुंपणाचा गजन्‌गज तपासत होतो.

सापडला.
कुणीतरी उचलून गजाच्या टोकावर अडकवलेला,
दवानं ताठ,
पाची बोटं वर.

"बघ," ओर्नेला म्हणाली,
"हजेरी देतोय."

गाडीला नऊ मिनिटं होती.