खळ

टॅमरनं तीन रात्री खळ शिजवली.
कणीक घरातलीच, म्हणजे उद्याच्या पावाची.
एफ्राइम म्हणाला, जरा पातळ कर.
पातळ केली तर लंडनपर्यंत टिकायची नाही, ती म्हणाली.

हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला,
लोकर विंचरणाऱ्यांच्या आळीत,
कागदाला कागद जोडत गेले.
एकावर गिरणीच्या तेलाचा अंगठा,
एकावर नुसती फुली, शेजारी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात :
जोनास ग्रीनवुड, विणकर, याची खूण.
फुली मारताना जोनासनं जीभ दातांत धरली होती.
वीस वर्षं माग चालवलेला हात,
दोन रेघांना थरथरला.

मत मागितलं होतं पुरुषांपुरतं.
टॅमरनं तेवढी ओळ दोनदा वाचून घेतली
आणि खालच्या कोपऱ्यात आपलं नाव घातलं, आडनावासकट.
कुणी काही म्हणायच्या आत म्हणाली,
कणीक माझी आहे.

गुंडाळी ताग्यासारखी झाली.
एफ्राइमनं सवयीनं गज लावला. अठ्ठेचाळीस वार.
एवढ्या कापडाचे मालकानं किती टेकवले असते
हे त्याच्या मनात आलंच.

मे महिन्यात वर्तमानपत्र आलं, चार दिवस शिळं.
सभागृहानं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं.
जोनास उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.
वाचणाऱ्यानं उगाच तोच मजकूर पुन्हा वाचला.

टॅमर भांडं खरवडत होती.
तळाची खळ नखानं सुटेना.
तिनं पाणी ओतलं, भिजत ठेवलं,
आणि विचारलं,
पुढच्या खेपेला कागद कुठून आणायचा?