हवेचं ऊनोदर

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
तोंडाला मास्क लावून मी आठवड्यातून तीनदा डोंगर चढतो.
खुर्चीत बसून.
पाच मिनिटं वर, तीन मिनिटं खाली,
परत वर.
मगदूमांची शाल्मली यंत्राचा कान पिरगाळते
आणि अख्ख्या खोलीतली हवा असते तशीच राहून
माझ्यापुरती विरळ होते.

पत्रकात लिहिलंय, चार हजार मीटर.
मी पन्हाळ्याच्या वर कधी गेलो नाही,
तेही एसटीनं.

घरी कलावती म्हणाली,
लोक सिलिंडर लावून हवा घेतात,
आणि तुम्ही कमी करून घ्यायला निघालाय व्हय?
मी म्हटलं, आईचं ऊनोदर आठव.
चार भाकरींची भूक, आणि तिसरीला ताटावरून उठायची.
उपवास नव्हे तो. पोटात नुसती जागा ठेवायची.
जागा ठेवली की आतला माणूस जागा राहतो, म्हणायची.
हे छातीचं तसंच.
कलावती म्हणाली, आई भाकरी सोडायच्या,
श्वास नव्हत्या सोडत.

मास्क उतरला की सायकल.
एकच चाक, आणि तेही कुठं जात नाही.
शेजारी हसीना मुजावर,
चाळीस वर्षं शिलाई मशीन मारलेले पाय,
त्यांना पायडल म्हणजे माहेर.
पलीकडं इंदुलकर गुरुजी, भूगोलवाले,
रोज विचारतात, आज कुठला डोंगर?
शाल्मली हसते. नाव सांगत नाही.

हवेशी माझं जुनं आहे.
एकतीस वर्षं उद्यमनगरात, क्युपोलाच्या भट्टीवर,
ब्लोअरची झडप माझ्या हातात.
जास्त झाली तर लोखंड जळतं,
कमी झाली तर धग बसते, मळी नळीत गोठते.
काचेच्या बारक्या भोकातून रंग बघायचा
आणि झडप एक बोट ढकलायची. फक्त एक बोट.
मीटर नव्हता. डोळा होता.

रंगरावला मात्र हवेनं फसवलं.
वरच्या फलाटावर, रात्रपाळीत,
वास नाही, रंग नाही,
तंबाखू मळायला बसला आणि बसूनच राहिला.
मी हलवलं तेव्हा
तंबाखू तळहातावर होती, चुन्यासकट.
ती हवा कुणी मोजली नव्हती.

इथं बोटाला चिमटा आहे,
चिमट्याला आकडा आहे,
आकड्यावर शाल्मलीचा डोळा आहे.
पहिल्या दिवशी छाती जडावली तेव्हा
मी मास्क ओढून काढला.
ती काही बोलली नाही.
पाण्याची बाटली पुढं केली, खिडकी उघडली,
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
दुसऱ्या वेळी मी आपणहून गेलो.

तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता?
आधी आठ.
आता बारा.
तेराव्याला गुडघा बोलला, म्हणून धरला नाही.

मग परवा शाल्मलीनं सगळ्यांना समोर बसवलं.
म्हणाली, पुन्हा एकदा सांगते,
सुरुवातीला सह्या घेतल्या तेव्हाही सांगितलं होतं,
तुमच्यातल्या निम्म्यांना साधीच हवा मिळतेय.
आवाज तोच, मास्क तोच, फक्त डोंगर नाही.
कुणाला काय, ते मलाही माहीत नाही,
यंत्र लावणारा वेगळा, पाकीट चैत्रात फुटेल.
पडद्यावर टॉवेल का असतो, ते तेव्हा लक्षात आलं.

गुरुजी दुखावले.
हसीनाबाई म्हणाल्या, माझा तर डोंगर खराच होता,
कान दडे बसले होते माझे.
मी गप्प.
एकतीस वर्षं रंग बघून सांगणारा माणूस मी,
आणि माझ्याच छातीतला रंग मला सांगता येईना.

घरी येऊन कलावतीला सांगितलं,
बहुतेक मला साधीच हवा देतायत.
ती शेंगा सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
मग आत्ता जिना चढताना
मधल्या पायरीवर बसला नाहीत,
ते कुणाच्या हवेवर?

मी चप्पल काढायला वाकलो.
वाकून उभा राहिलो.
श्वास मोजायचा राहून गेला.