डबा कुणाचा

होटगी रोडला टायरवाल्याच्या मागं
मुख्तारभाईंच्या शेडमध्ये तीन आठवडे उभी होती जिप्सी,
बॉनेट उघडं, आत बलेनोचं सोळाशे इंजिन,
माउंटिंगवर मापात बसलेलं,
गिअरबॉक्सशी जुळलेलं.
फक्त बोलत नव्हतं.

हत्तुरे रोज यायचे, बुलेट बंद न करताच विचारायचे,
"काय बे, कधी चालू करायलास?"
मी म्हणायचो, धड आलंय मालक,
डोकं यायचंय.

पहिला डबा एस्टीमचा.
प्लग खटकन बसला. तिथंच फसलो.
इंजिन उठलं आणि धापा टाकायला लागलं;
तेराशेच्या मापानं मोजून दिलेलं पेट्रोल
सोळाशेच्या पोटाला पुरेना.
पाय दाबला की खोकायचं,
सोडला की मरायचं.

दुसरा पार्सलनं आला पुण्याहून,
खोलल्यावर कळलं, ऑटोमॅटिक गाडीचा आहे.
तो वाट बघत बसला
गिअर पार्कमध्ये आहे असं कुणीतरी सांगेल म्हणून.
कोण सांगणार?
ती तार या गाडीत जन्मापासून नाही.

तिसऱ्यानं किल्ली मागितली.
त्याची स्वतःची, चिपवाली,
कुठल्याशा नाशिककराच्या खिशात राहिलेली.
दोन सेकंद चालायचं इंजिन, मग गप्प.
दाराच्या फटीतून तोंड बघावं
आणि कडी परत लावून घ्यावी,
तसं.

रात्री डबा घरी नेला, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.
नायना, म्हणजे माझे वडील, राजमल्लू गाजुल,
तीस वर्षं जॅकार्डची कार्डं पंच केली त्यांनी साखर पेठेत.
मागाच्या खडखडाटानं कान गेले, बोटं शाबूत.
डबा तळहातावर तोलला,
कडेवरून अंगठा फिरवला, भोकं शोधत.
"कार्ड कुठाय?"
आत आहे, मी ओरडलो.
"दिसत नाही?"
नाही.
"मग चुकलं कुठं ते कसं कळतं तुम्हाला?"

मी जेवत राहिलो.
त्यांनीच मग सांगितलं,
एकदा सहाशे हुकांचं कार्ड
चारशेच्या मागावर चढवलं होतं कुणीतरी:
चादरीत मोर आला, मान आली नाही,
मान नुसती राहून गेली कार्डावरच.
एकशे दहा चादरी.
शेटनं त्या कुठं विकल्या काय माहीत.
"माग कुठला, ते आधी विचारायचं."
आणि ताटातलं पाणी पिऊन
झोपायला गेले.

भंगारवाल्याची पावती शर्टाच्या खिशात धुतली गेली होती,
इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे उरलेले.
तेवढ्यावर निघालो.
मोहोळच्या पुढं, पेट्रोल पंपामागं,
वेड्या बाभळीत पडलेली निळी बलेनो,
मागून चेपलेली.
पुढची काच जशीच्या तशी.
डॅशबोर्डखाली हात घातला,
गांधीलमाशीचं रिकामं पोळं हाताला लागलं,
मग गार पत्रा, स्टिकर,
स्टिकरवर नंबर. तोच.
पोरगा म्हणाला, अठराशे.
मी म्हणालो, दोन हजार देतो,
पण किल्ली दे,
किल्लीभोवतीचं कडं दे,
आणि तारा कापू नको, माझ्या मी सोडवतो.

दीड तास सोडवत होतो.
ऊन बेचाळीस होतं. सीटवर कुणाचातरी
लोकरीचा एक मोजा, लहान.
बघितला नाही असं केलं.

शुक्रवारी दुपारी जिप्सी चालू झाली, पहिल्या झटक्याला.
मुख्तारभाईंनी चहा सांगितला, नमाजाला गेले.
इंजिन घुमत होतं, न धापा, न खोकला.
मीटरमध्ये एक पिवळा दिवा तेवढा विझेना;
डबा अजून वेगाचा काटा शोधतोय,
बलेनोचा.
हत्तुरे म्हणाले, चिकटपट्टी लाव त्याच्यावर.
म्हटलं, लावायची तर तुम्ही लावा.

जाताना किल्लीला अडकवलेली लोकरीची बाहुली
त्यांनी ओढून काढली, "हे कशाला,"
आणि बाकावर टाकली.
आता ती स्पॅनरच्या डब्यात असते,
दहा-अकराच्या शेजारी.
कुणी विचारलं तर सांगतो,
गिऱ्हाइकाची आहे.