साडेनऊ फेरे

मी शटरवाला.
गंगाधर पांचाळ, मोंढ्याच्या मागं, वसमत.
गावात काय झालं ते मला पत्र्यावरून कळतं.
ट्रकचा धक्का खालून दुमडतो,
चोराची पहार कडेला ओरखडा सोडते,
लाथा बसल्या की मधोमध खोलगट होतो, परातीसारखा.
त्या मंगळवारनंतर अख्ख्या रस्त्याला
पराती मांडल्या होत्या.

अकरा दिवसांत सत्तावीस शटर.
एवढं काम उभ्या जन्मात आलं नव्हतं.
संचारबंदीला दोन तासांची सूट,
तेवढ्यात पट्ट्या काढायच्या, ठोकायच्या, बसवायच्या.
नेट बंद, म्हणून सगळे रोख द्यायचे.
रोख संपली तेव्हा वट्टमवारांनी
मजुरीत अर्धं पोतं हळद दिली.
घरी नेली तर बायको म्हणली,
कुणाच्या लग्नाची?

स्प्रिंग भरायचं काम तौफिकचं.
पाइपाला कान लावून सांगायचा,
मामा, अजून अर्धा फेरा. बस.
मग एका बोटानं शटर वर जायचं.
सत्तावीसातलं चौथं
त्याच्या खालाच्या बांगड्यांच्या दुकानाचं.
मी एकट्यानं सरळ केलं.
काचा पायाखाली करकरत होत्या, हिरव्या जास्त.
तिनं पोराच्या हाती पैसे पाठवले,
चिल्लरीसकट मोजून, रुमालात.
मी घेतले.
घ्यायला नको होते.

मग मागण्या बदलल्या.
वीस गेजचा पत्रा नको, अठराचा लाव.
दहा फुटी दार सहावर आण, म्हणले कोटगिरे,
गिऱ्हाईक काय, वाकून येईल.
पूर्वी लोक विचारायचे, उघडताना आवाज किती करतं?
आता विचारायलेत, खाली किती वेळात येतं?

सांगलीचा व्यापारी फोनवर म्हणला,
तुमच्याकडं गाडी पाठवायची म्हणजे, बघा ना.
पुढचं बोललाच नाही.
हळद पॉलिशची दोन मशिनं थांबली.
हमालांचे हात
महिन्याभरात आपापल्या रंगावर आले.
कोटगिऱ्यांच्या पोरीचं नांदेडचं कॉलेज सुटलं,
बस सुरू झाली तरी सुटलेलंच राहिलं.

शांतता समितीच्या बैठकीला मलाही बोलावलं.
चहा, बिस्किट, सतरंजी.
साहेब म्हणले, तुमचं नुकसान किती?
म्हणलं, माझा तर फायदाच झालाय साहेब.
कुणी हसलं नाही.
लिहिणाऱ्यानं माझ्या नावापुढं
आडवी रेघ मारली.

एक मात्र त्या कागदात कुठंच बसत नाही.
शटर नुसतं दगडानं मोडत नसतं.
रोज उचललं नाही तर स्प्रिंग बसते,
खाचेत माती भरते, गंज पट्टीला पट्टी चिकटवतो.
बंद राहून राहूनच मरतं ते.
बांगड्यांच्या ओळीत अशी नऊ आहेत.
बाहेरून ठाकठीक, माझ्याच हातचा रंग.
त्यांच्यासाठी मला कुणी बोलवत नाही.

परवा वट्टमवारांकडं तेल घालायला चढलो.
डब्याच्या आतल्या अंगाला
खडूनं लिहिलेलं, तौफिकच्या हातचं:
९॥
म्हणजे साडेनऊ फेरे. त्याचा हिशेब.
तो हैदराबादला लिफ्टच्या कंपनीत आहे म्हणतात.
खालाला विचारलं असतं, पण खालाही.

शाफ्ट दोघांनी धरायचा असतो.
मी एका टोकाला दोरी बांधून भागवतो.
फडक्यानं डबा पुसला,
तेल घातलं,
तेवढी जागा सोडून.