कोऱ्याचे किती?

लोटलीहून कायतान आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लाद्या घेऊन.
बल्कांवातल्या चित्रात एकूण वीस.
एक इन्व्हर्टरची तार ओढताना फुटली,
तिच्या डाव्या-उजव्या या, नमुन्याला.

डावीवर होडीची नाळ.
उजवीवर एक बाई, हात पुढे केलेली,
मनगट लादीच्या कडेशी संपतं.
मधलीवर काय होतं?

"कुत्रा," लिस्बनहून बहीण, फोनवर.
कायतान म्हणाला, पोर. होडीतून उतरणारं.
त्याच्या बायकोला आठवतो नुसता नांगर,
तोही पाठीला.
चाळीस वर्षं ती त्याच लादीला टेकून बसली.

मी डिचोलीच्या कुंभाराची मुलगी.
चाकावरची चूक पुन्हा मळता येते,
लादीवर तसं नाही. कच्च्या झिलईला
कुंचला टेकला की ती थेंब पिऊन टाकते.
आणि कोबाल्ट तेव्हा निळा नसतोच,
चुलीच्या राखेसारखा, मळकट.
राख रंगवायची आणि निळं म्हणायचं,
हेच माझं काम.

तीन कागद केले. कुत्रा, पोर, नांगर.
दर वेळी बाईचा हात बदलला,
मी त्याला शिवले नव्हते तरी:
कुत्र्याला हाकलतेय,
पोराला ये म्हणतेय,
नांगर दाखवतेय कुणा चोराला.

कायतान चहा निवेपर्यंत बघत राहिला.
मग म्हणाला, "कोरीच दी."
आणि जरा वेळाने,
"कोऱ्याचे किती?"

"तितकेच. भट्टीला काय कळतं,
कुणावर चित्र आहे ते."

निळा जुळवणं सोपं, हे तेव्हा कळलं.
जुना पांढरा सायीचा,
माझा तांदळाच्या पिठाचा.
तीनदा भाजली. एकदा वीज गेली मध्येच.
जुन्या दोघी उलटून बाबांना दाखवल्या:
पाठीवर अंगठा, ओल्या मातीत दाबलेला, कुणाचा तरी.
बाबांनी आपला त्यात बसवून पाहिला.
बसला नाही.
"लहान पोरगं असेल," म्हणाले,
आणि पणत्यांकडे वळले, चवथ जवळ आलेली.
चौथ्यांदा थापताना
मी माझा दाबला.

आठवड्याने फोटो आला,
एकोणीस निळ्या आणि मध्ये ती.
खाली कायतानने लिहिलं होतं:
बहीण म्हणते,
आता कुत्रा नीट दिसतो.